सुभेदारीच्या वरची पायरी

दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गाचे जुने नाव कर्झन रोड. कॅनॉट प्लेसपासून निघणारा हा रस्ता इंडिया गेटच्या वर्तुळाला जाऊन मिळतो. वाटेत महाराष्ट्र सदन लागते. रस्ता संपतो तिथे इंडिया गेट आणि २०१९ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. स्मारकाच्या भिंतींवर शहीद सैनिकांची हजारो नावे कोरलेली आहेत आणि त्यांत महार रेजिमेंटच्या जवानांचीही आहेत. वर्तुळ ओलांडून शाहजहान रोडला लागले की धोलपूर हाऊस येते, म्हणजे यूपीएससीचे कार्यालय.

यूपीएससी म्हटले की आपल्या घरात कलेक्टर आठवतो. महाराष्ट्रातून दिल्लीत येणारी आपली बहुतेक मुले त्याच स्वप्नासाठी येतात. पण याच कार्यालयातून वर्षातून दोनदा आणखी एक परीक्षा होते. ती पदवीधरांसाठी नाही, बारावीतल्या मुलामुलींसाठी आहे. तिचे नाव राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि नौदल अकादमी परीक्षा, बोलीभाषेत एनडीए. साडेसोळा ते साडेएकोणीस एवढेच वय तिला चालते. एका परीक्षेत जागा सुमारे ४००. निवड झाली तर तीन वर्षे पुण्याजवळच्या खडकवासल्याला शिक्षण, त्यानंतर एक वर्षाच्या आसपास पुढचे प्रशिक्षण, आणि मग लेफ्टनंट किंवा त्या बरोबरीचे पद. पगाराची श्रेणी तीच, जिथून कलेक्टर होणाऱ्याची नोकरी सुरू होते.

मी समाजशास्त्रात संशोधन करते. माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या अनेकांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. एनडीए म्हणजे नेमके काय, हे त्यांना कळले तेव्हा ते बी.ए.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला होते. म्हणजे वय उलटून गेले होते. नागरी सेवेचा प्रयत्न पंचविशीत करता येतो, राखीव प्रवर्गाला पस्तिशीपर्यंत करता येतो. नेट-सेट उशिरा देता येते. एनडीएचे तसे नाही. घरातला पहिला पदवीधर पदवीधर होतो, त्याच्या आधीच हे दार बंद झालेले असते. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. या दाराचा रस्ता आपल्या शाळकरी भावंडांना दाखवणे हे पहिल्या पिढीच्या पदवीधरांचे काम आहे, आणि त्या रस्त्यावर तयारीच्या संस्था उभ्या करायला सरकारला भाग पाडणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

आता कर्झनकडे येऊ. या रस्त्याला ज्याचे नाव होते त्या व्हाइसरॉयने १९०१ मध्ये इम्पीरियल कॅडेट कोअर नावाची एक तुकडी उभी केली. संस्थानिकांच्या आणि सरदार घराण्यांच्या मुलांना लष्करी अधिकारीपदाचे शिक्षण द्यायचे, हा तिचा हेतू. डेहराडूनला तिचा तळ होता. पुढे त्याच जागेत १९२२ मध्ये राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची मूळ संस्था सुरू झाली. मग १९३२ मध्ये इंडियन मिलिटरी अकादमी आली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्याच्या प्रबोधिनीची पायाभरणी केली. भारतात लष्करी अधिकारी घडवण्याची जी साखळी तयार झाली, तिची पहिली कडी राजवाड्यांच्या आवारात होती.

त्याच काळात दुसरीकडे काय चालले होते? १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जाती' आणि 'बिगर-लढाऊ जाती' असा भेद त्यांनी पक्का केला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच फौजेत लढलेल्या समाजाला दुसऱ्या रकान्यात टाकले होते. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली. पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

या इतिहासात आपल्याला नोकरीपेक्षा मोठे काहीतरी मिळाले होते. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शाळा होती. गावातल्या शाळेत ज्यांना पायरीवर बसवले जायचे, ते छावणीत लिहायला वाचायला शिकले. वलंगकर त्यातून आले. रामजी सकपाळ त्यातून आले. रामजी लष्करी शाळेत शिकवत, मुख्याध्यापक झाले, सुभेदार मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचले. त्यांच्या घरात पुस्तक होते, इंग्रजी होते, गणित होते. बाबासाहेब घडले त्यामागे त्या घराचा वाटा किती, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पण रामजी सुभेदार मेजरच्या पुढे जाऊ शकत नव्हते. त्या काळी हिंदी माणसासाठी शिडीच तिथे संपत होती. वरच्या पायऱ्या गोऱ्या साहेबांच्या होत्या. इंग्रज गेले आणि वरच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या. त्या पायऱ्यांवर कोण चढले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. एक उदाहरण देते. महार रेजिमेंटमधून पुढे आलेले दोन अधिकारी देशाचे लष्करप्रमुख झाले. जनरल के. व्ही. कृष्णराव १९८१ ते १९८३ आणि जनरल के. सुंदरजी १९८६ ते १९८८. रेजिमेंटसाठी ही अभिमानाची गोष्ट आहे आणि दोघांच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. पण दोघेही महार समाजातले नव्हते. नाव आपले, शिपाई आपले, हुकूम देणारा बाहेरचा, ही रचना रेजिमेंटच्या स्थापनेपासूनची होती. ती पुढच्या काळात किती बदलली, हे मोजायला आपल्याकडे आकडेच नाहीत. सैन्यातल्या अधिकाऱ्यांची सामाजिक रचना जाहीर होत नाही. सच्चर समितीने सैन्यातल्या मुस्लिमांची आकडेवारी मागितली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते आठवून पाहा.

एनडीएत जातनिहाय आरक्षण नाही. 'इथे फक्त गुणवत्ता चालते' हे वाक्य त्यामुळे या परीक्षेबद्दल फार अभिमानाने बोलले जाते. ते तपासून पाहू या.

लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणित ३००, सामान्य क्षमता ६००. या ६०० मध्ये २०० गुण इंग्रजीचे. लेखी पास झालेल्यांची सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे एसएसबीपुढे, पाच दिवस कसोटी होते. तिचे गुण ९००. म्हणजे अर्धी परीक्षा कागदावर आणि अर्धी परीक्षा माणसाची.

कागदावरच्या अर्ध्या भागापासून सुरुवात करू. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, असे नियम म्हणतो. कला शाखेच्या मुलीला वाटेल, मी पात्र आहे. ती पात्र आहेच. पण गणिताचे ३०० गुण अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेच्या गणितावर आहेत. हवाई दल आणि नौदलाला तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतातच. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणारे शिक्षक तासिका तत्त्वावर असतात, कधी असतात, कधी नसतात. विज्ञान घेणारी मुलेही 'गणित अवघड जाते' म्हणून ते सोडून जीवशास्त्रावर भर देतात. म्हणजे एनडीएचा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात, अकरावीचा फॉर्म भरताना होऊन जातो. त्या आठवड्यात घरात कुणी सांगणारे नसेल तर पुढच्या पात्रतेला काही अर्थ राहत नाही.

खरे तर निर्णय त्याच्याही आधी होतो. सैनिक शाळेचा प्रवेश सहावीत आणि नववीत. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्याच साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. तिथे प्रवेश परीक्षेतून होतो आणि अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात टक्के, २०२१-२२ पासून इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत. एक बारकावा लक्षात घ्या. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. नववीची फक्त इंग्रजीतून. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलासाठी खरे दार पाचवीतच आहे. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजचा प्रवेश आठवीत, त्याची परीक्षा महाराष्ट्रात राज्य परीक्षा परिषद घेते. दहावीनंतरची संस्था म्हणजे छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, जिला सगळे एसपीआय म्हणतात. राज्य सरकारने ती १९७७ मध्ये सुरू केली, आणि अकरावी-बारावीची दोन वर्षे मुलांना तिथे ठेवून एनडीएची तयारी करून घेतली जाते.

पाचवी, आठवी, दहावी. ज्या घरात वडील फौजेत अधिकारी आहेत, बँकेत आहेत, प्राध्यापक आहेत, त्या घरात या तारखा कॅलेंडरवर असतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या घरात त्या असण्याचे कारण नाही. बारावीच्या परीक्षेत जी 'गुणवत्ता' दिसते, ती सात वर्षांपूर्वी कुणीतरी भरलेल्या फॉर्मचे फळ असते.

आता उरलेला अर्धा भाग. एसएसबीत पहिल्या टप्प्यातच बरेच जण परत पाठवले जातात. जे थांबतात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात: चित्र पाहून गोष्ट लिहा, पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य लिहा, असे साठ शब्द, तीस मिनिटांत साठ प्रसंगांवर तुम्ही काय कराल ते लिहा. मग गटचर्चा, मैदानावरची कामे, दीर्घ मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या परीक्षकांसमोर काही मिनिटे. शोधले जातात ते 'अधिकाऱ्याला साजेसे गुण'. असे पंधरा गुण ठरलेले आहेत. आत्मविश्वास, गटावर प्रभाव पाडण्याची क्षमता, आपले म्हणणे मांडता येणे, पुढाकार, निर्णयाचा वेग.

हे गुण आपल्या मुलांत नाहीत, असे कुणी म्हणू नये. वस्तीवर पाण्याचा टँकर आल्यावर रांग लावणारी चौदा वर्षांची मुलगी पुढाकारही घेते आणि गटावर प्रभावही पाडते. जयंतीची वर्गणी गोळा करून हिशोब ठेवणारा, मिरवणुकीची परवानगी काढायला पोलीस स्टेशनात जाणारा पोरगा संघटन शिकलेला असतो. पण हाच अनुभव सूटबुटातल्या परीक्षकासमोर, सरळ बसून, न अडखळता, बहुधा इंग्रजीत सांगायचा असतो. मुलाखतीआधी भरायच्या माहितीपत्रकात आईवडिलांचे शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, छंद, खेळ, शाळेत सांभाळलेल्या जबाबदाऱ्या असे रकाने असतात. जातीच्या प्रवर्गाचाही रकाना असतो. 'छंद' हा रकाना आमच्याकडच्या किती मुलांना भरता येईल? जो पोहायला विहिरीत शिकला, तो पोहणे हा 'छंद' म्हणून लिहीत नाही. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. गुण असणे आणि ते परीक्षकाला ओळखू येतील अशा भाषेत दाखवता येणे, या दोन गोष्टींमधले अंतर म्हणजे ते भांडवल. ते दोन-चार वर्षांच्या सरावाने कमावता येते. संरक्षण दलातल्या कुटुंबांना आणि मोठ्या शहरातल्या शिकवणी वर्गांना हे माहीत आहे, म्हणूनच ते सराव करून घेतात.

आपल्याकडे सराव होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूर-सांगलीकडे पहाटे चार वाजता कुठल्याही डांबरी रस्त्यावर उभे राहा. मुले धावताना दिसतील. हल्ली मुलीही दिसतात. तालुक्याला अकॅडमीचे फलक लागलेले असतात: पोलीस भरती, सैन्य भरती. उंची चांगली असलेल्या मुलाला वर्गात शिक्षकच सांगतात, 'तू भरतीला लाग.' माझ्या मामेभावाला हे सांगितले गेले तेव्हा तो दहावीत वर्गात गणितात पहिला होता. त्याची छाती आणि उंची दिसली, त्याची उत्तरपत्रिका दिसली नाही.

भरतीला मी कमी लेखत नाही. आपल्या कितीतरी घरांवर पत्रे जाऊन स्लॅब पडला तो जवानाच्या पगारातून. पण २०२२ पासून जवानाची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षांची सेवा, पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले हातात २१,०००, आणि चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम. उरलेले बाविशी-पंचविशीत परत गावात. तेवढ्याच वयाचा एनडीएतला मुलगा लेफ्टनंट झालेला असतो, पदवी हातात असते, पुढची कारकीर्द समोर असते. पहाटेच्या रस्त्यावर दोघांचे पाय सारखेच धावू शकतात. एकाला फक्त धावायला सांगितले गेले आणि दुसऱ्याला धावून आल्यावर गणित सोडवायला बसवले गेले.

सरकारी योजनांचेही मन असेच चालते. सामाजिक न्यायाच्या नावाने चालणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींत आपल्या मुलांसाठी 'पोलीस व मिलिटरी भरतीपूर्व प्रशिक्षण' असते. ते हवेच. पण महाज्योतीसारखी संस्था दहावीनंतर जेईई-नीटसाठी टॅब देऊन दोन वर्षे शिकवू शकते, तर त्याच गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या पायावर एनडीएची तुकडी चालवायला किती जास्त खर्च येईल?

'गुणवत्ते'चा मुद्दा संपवण्याआधी आणखी एक गोष्ट. खडकवासल्यातून बाहेर पडणाऱ्या कॅडेटला पदवी मिळते ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. त्याच विद्यापीठाच्या दिल्लीतल्या आवारात प्रवेश घ्यायचा तर कायद्याने अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांना राखीव जागा आहेत. म्हणजे एकाच विद्यापीठाची पदवी दोन दारांतून मिळते. एका दारावर संविधानाने दिलेले आरक्षण आहे, दुसऱ्या दारावर ते नाही. आणि जिथे आरक्षण नाही तिथे कोण किती, हे मोजलेलेही नाही. सैनिक शाळेत सहावीला राखीव जागा दिल्याने सैन्य दुबळे झाले असे कुणी म्हणत नाही. मग बारावीनंतर तोच विचार निघाला की देशाची सुरक्षा कशी धोक्यात येते, याचे उत्तर आरक्षण नको म्हणणाऱ्यांनी द्यावे.

बंद दार उघडते, हे आपण नुकतेच पाहिले आहे. मी बारावीत होते तेव्हा मुलींना एनडीएचा फॉर्म भरताच येत नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मुली परीक्षेला बसल्या. २०२२ मध्ये १९ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी त्यांच्यातल्या १७ जणी पदवीधर होऊन बाहेर पडल्या. वर्षानुवर्षे 'शक्यच नाही' म्हणून सांगितलेली गोष्ट एका आदेशानंतर काही आठवड्यांत झाली. महाराष्ट्र सरकारने नाशिकला मुलींसाठीही सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. पण दार उघडल्यावर आत पहिल्यांदा कोण जाते? ज्याच्या घरी दार उघडल्याची बातमी पहिल्यांदा पोचते तो. आपल्या मुली दुसऱ्या फेरीत राहू नयेत असे वाटत असेल तर बातमी आपणच पोचवली पाहिजे.

आपल्यातल्या काही मित्रांचा आक्षेप मला माहीत आहे. जातीअंताची भाषा बोलणाऱ्यांनी लष्कराकडे का वळायचे? राज्यसत्तेच्या बंदुकीशी आपले काय नाते? प्रश्न रास्त आहे. पण दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला लाखोंनी जातो. त्याच पुणे जिल्ह्यात खडकवासला आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायांचा अभिमान बाळगायचा आणि आजच्या अधिकारीपदाबद्दल उदासीन राहायचे, हे मला पटत नाही. बंदूक चालवणारे हात आपले असणारच आहेत. गरिबी त्यांना तिथे नेतेच. ती कुठे रोखायची आणि कधी खाली ठेवायची, हे ठरवणाऱ्या खोलीत आपण असावे की नसावे, एवढाच प्रश्न उरतो. बाबासाहेबांनी महार पलटणीसाठी धडपड केली ती युद्धाच्या आवडीपोटी नव्हती. राज्याच्या प्रत्येक संस्थेत आपला माणूस हवा, हा त्यामागचा विचार होता.

मग करायचे काय? इथे मला राजर्षी शाहू आठवतात. कर्झनने राजपुत्रांसाठी कॅडेट कोअर काढली १९०१ मध्ये. २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूरच्या राजाने मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. पण शाहू महाराज जाहीरनामा काढून थांबले नाहीत. मुले शिकायला येणार तर राहणार कुठे, खाणार काय, हे त्यांनी आधी पाहिले. त्यांच्या काळात कोल्हापुरात समाजासमाजाची बोर्डिंगे उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. जागा राखणे आणि त्या जागेपर्यंत पोचण्यासाठी छप्पर देणे, ही दोन्ही कामे एकत्र करायची असतात.

एनडीएच्या बाबतीत छप्पर म्हणजे तयारीच्या निवासी संस्था. शेजारच्या तेलंगणाने समाजकल्याणाच्या निवासी शाळांच्या जाळ्यातच करीमनगर जिल्ह्यात रुक्मापूरला सैनिक शाळा काढली आणि भोंगीरला मुलींसाठी सशस्त्र दलांच्या तयारीचे पदवी महाविद्यालय सुरू केले. पैसा समाजकल्याणाचा, मुले दलित-आदिवासी वस्त्यांतली. महाराष्ट्रात समाजकल्याण खात्याच्या शासकीय निवासी शाळा आहेत, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. इमारती आहेत, मैदाने आहेत, मुले आहेत. आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक महसुली विभागात दहावीनंतरची एक निवासी एनडीए तयारी संस्था, मुलांची आणि मुलींची. निवासी शाळांत आठवीपासून गणित आणि इंग्रजीचे कायम शिक्षक. राज्य चालवत असलेल्या सेवापूर्व संस्थांच्या प्रत्येक तुकडीची सामाजिक रचना जाहीर व्हावी. आणि केंद्राने निदान अधिकारी निवडीची प्रवर्गनिहाय आकडेवारी द्यावी. आकडे आले की आरक्षणाचा वाद भावनेवर न राहता पुराव्यावर होईल.

मागण्या मंजूर होईपर्यंत मुले मोठी होत राहतात. म्हणून घरात आजपासून करण्यासारख्या काही गोष्टी सांगते. पाचवीतल्या मुलाचा सैनिक शाळेचा फॉर्म चुकवू नका. दहावीच्या निकालानंतर सैन्यात जायचे म्हणणाऱ्याला गणितासह विज्ञान घ्यायला लावा. प्रवेश घेण्यापूर्वी चौकशी करा. 'सैनिकी' असा फलक असलेली प्रत्येक शाळा एनडीएची तयारी करून घेतेच असे नाही. शाळेत एनसीसी असेल तर नाव घाला. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना यूपीएससीच्या या परीक्षेला शुल्क नाही, आणि एसएसबीला पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रवासभाडे मिळते. पैशाअभावी कुणी मागे राहू नये. डोळे आणि दात आठवीतच तपासून घ्या, वैद्यकीय चाचणीत ते पाहतात. आणि गोंदवून घेण्याआधी थांबवा. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला सोडून अंगावर इतरत्र कायमचे गोंदण चालत नाही. आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाचा तेवढा वेगळा विचार होतो. मानेवर, दंडावर 'जय भीम' गोंदवलेली आपली मुले या एका नियमावर बाहेर पडू शकतात. बाबासाहेब हृदयात राहू द्या, गोंदण नंतर बघू.

आणि तुम्ही स्वतः अजून पंचविशीच्या आत असाल तर तुमच्यासाठीही एक वाट शिल्लक आहे. पदवीधरांसाठी सीडीएस ही परीक्षा यूपीएससीच घेते, आणि नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य सरकार एसएसबीची तयारी मोफत राहण्या-जेवणासह करून घेते. वयाची अट तेवढी नीट पाहा.

माझ्या मामेभावाचे वय गेले. तो आता पहाटे धावत नाही, एका गोदामात रात्रपाळी करतो. त्याची बहीण आठवीत आहे. गणितात वर्गात पहिली आहे, आणि उंचीही चांगली आहे. तिच्या शाळेत तिला काय सांगितले जाईल ते मला माहीत आहे. त्याआधी मी तिला काय सांगते, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. तुमच्या घरातही कुणीतरी आठवीत असेल.